आक्काच्या साहेबांचे इंग्रजी

आक्का गेली त्याला आता चार महिने होतील. भेटायला आलेल्यांनी तिच्याबद्दल पुष्कळ चांगले सांगितले आणि त्यातले बहुतेक खरेही होते. पण ती इंग्रजी फार छान लिहायची, असे जे दोघातिघांनी सांगितले ते मला पटले नाही. छान इंग्रजी आमच्या घरात मी लिहायचे. आक्का दुसऱ्याचे इंग्रजी लिहायची, आणि ते काम जास्त अवघड आहे. हे कळायला मला तिच्या नोकरीचे पहिले सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांबद्दल लिहायला बसले आहे. रोज अर्धे पान होते, कधी तेवढेही नाही. पण आठवते सगळे, आणि नीट आठवते.

पन्नासचे दशक अर्धेअधिक सरले होते. आम्ही घाटकोपरला राहत होतो. चाळीत दोन खोल्या, पुढे गॅलरी. गॅलरीच्या टोकाला उभे राहिले की लांबवर मिठागरांचे पांढरे ढीग दिसत. अण्णा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. डोळे अधू झाले म्हणून त्यांनी वेळेआधी पेन्शन घेतली होती. आई मालवणकडची, तिने मुंबईत तीस वर्षे काढली, पण बोलली शेवटपर्यंत मालवणीच. मी कॉलेजात होते, इंग्रजी घेऊन. आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती मॅट्रिक झाली, दादरच्या एका क्लासात टायपिंग आणि शॉर्टहँड शिकली, आणि फोर्टमधल्या यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीत स्टेनो म्हणून लागली.

त्यामुळे आमच्या घरात तीन प्रकारचे इंग्रजी एकदम नांदू लागले. अण्णांचे सरकारी. त्यात कोणी काही मागत नसे. मागण्याची परवानगी मिळावी अशी नम्र विनंती करी. त्यांचे वाक्य एकदा निघाले की कुठे थांबेल याचा भरवसा नसे, पण थांबले की सगळे शब्द जिथल्या तिथे हजर असत. माझे इंग्रजी पुस्तकातले, नुकतीच इस्त्री केल्यासारखे. कुठे घडी मोडायची मला भीती वाटे. आणि आक्काचे कानातले. तिला नियम फारसे येत नव्हते. एखाद्या शब्दाआधी 'द' लावायचे की नाही असा प्रश्न पडला की मी तिला नियम सांगे, अण्णा अपवाद सांगत, आणि ती ते वाक्य दोनदा मोठ्याने म्हणून बघे. जीभ अडखळली तर 'द' लावी. मग आम्ही दोघे कोश उघडत असू आणि बहुतेक वेळा तिचेच बरोबर निघे. मला ते आवडत नसे.

आक्का साडेसहाच्या सुमारास घरी येई. चहा होई, अण्णा गॅलरीतल्या आरामखुर्चीवरून विचारत, "आजचं काय?" मग आक्का पर्समधून चिठोरे काढी. दिवसभरात ऑफिसात जे जे अडले ते त्यावर टिपलेले असे. आमच्या चर्चा तिथून सुरू होत आणि पाने वाढेपर्यंत चालत. शेजारच्या गुजराती बाई आईला एकदा म्हणाल्या की तुमच्याकडे रोज संध्याकाळी भांडण असते, पण शिवी एकही कळत नाही.

'शॅल' आणि 'विल' यावर अण्णांचे नि माझे तीन दिवस चालले होते. चौथ्या दिवशी आक्काने सांगितले की पत्र पहिल्याच दिवशी गेले. 'वी' या शब्दावरचा वादही आठवतो. आक्काच्या साहेबांनी एका गिऱ्हाइकाला लिहिले होते की यात 'वी' बुडणार. आता मराठीत 'आम्ही' बुडणार आणि 'आपण' बुडणार यांत केवढे अंतर आहे. पहिल्यात गिऱ्हाईक काठावर उभे असते, दुसऱ्यात ते होडीत असते. इंग्रजीत हे कसे दाखवायचे, हा प्रश्न. मी बरेच शोधले. अण्णा शेवटी म्हणाले की इंग्रज माणूस आपल्याला त्याच्या 'वी'मध्ये धरतो की नाही, ते त्याच्या चेहऱ्याकडे बघून ओळखायचे असते. त्यांनी नोकरीभर तेच केले होते आणि दोनदाच चुकले होते.

एकदा 'हिअर' आणि 'लिसन' निघाले. आपल्याकडे दोन्हींना ऐकणेच. इतकेच नव्हे, सांगितलेले मानणे यालाही ऐकणेच. आम्ही एवढे काय घोळतो आहोत हे आईने आतून विचारले. आक्काने तिला फरक समजावून सांगितला. आईने पोळी उलटली आणि म्हणाली, "म्हंजे माजां तुमी हिअर करतास. लिसन करणास नाय." अण्णा म्हणाले, एवढे अचूक उदाहरण कोशातही नाही.

हे सगळे हसतखेळत चाले. त्याच्या मुळाशी मात्र एक गोष्ट होती आणि तिच्यावर आमचे एकमत नव्हते.

आक्काचे साहेब गुजराती होते. गोदामात खोकी मोजण्यापासून सुरुवात करून ते केबिनपर्यंत आले होते. इंग्रजी त्यांनी खोक्यांवरच्या पाट्यांवरून, माल आणणाऱ्या बोटींच्या कागदांवरून आणि गिरण्यांतल्या गोऱ्या इंजिनिअरांशी बोलून उचलले होते. ते विचार गुजरातीत करत आणि बोलत इंग्रजीत, आणि मधे फारसे थांबत नसत. आक्का ते शॉर्टहँडमध्ये उतरवून घेई. शॉर्टहँडमध्ये शब्द कानावर पडतो तसा रेघांत उतरतो. त्यात सुधारायला वेळ नसतो. पण नंतर टाइप करताना ती प्रत्येक वाक्य सरळ करी. ज्याचा तिला संशय येई ते चिठोऱ्यावर टिपून घरी आणी, म्हणजे पुढच्या वेळी तसे आले की नीट करता येईल. साहेब संध्याकाळी उभ्याउभ्याच सह्या करत. ऑफिसातला हेडक्लार्क एकेक कागद उलटत जाई आणि साहेबांचे पेन खाली खाली सरकत जाई. वाचत नसत. असे पाच महिने चालले.

अण्णांना हे पसंत नव्हते. त्यांच्या मते साहेब जे बोलला ते कागदावर गेले पाहिजे. चूक त्याची, सहीही त्याची. स्टेनोने फार तर विचारावे. मी म्हणे, कळूनसवरून चूक टाइप करायची म्हणजे मग शिकलो कशाला? आक्का दोघांचे ऐकून घेई. एकदाच तिने मला सांगितले की विचारायचे तर तोंड उघडावे लागते. त्या मजल्यावर ती एकटी बाई होती. 'यस सर' आणि 'नो सर' यांपलीकडे ती तिथे बोलतच नव्हती. दुरुस्त करून टाकणे हा न बोलण्याचा तिचा मार्ग होता.

आणि तिला कायम व्हायचे होते. सहा महिने उमेदवारीचे. ते पुरे झाले की साहेबांनी लेखी दिले तर नोकरी कायम, नाहीतर महिनाअखेरीस घरी. घरी बसली तर पुढचे सगळे ठरलेले होते. मामांच्या वहीत स्थळे तयार होती. आक्का याबद्दल फारसे बोलत नसे. पण एका रविवारी गॅलरीत साडी वाळत घालताना, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "टाइपरायटरसमोर बसले ना, की वाटतं ही जागा माझी. अशी दुसरी जागा नाही गं मला कुठे." आमच्या दोन खोल्यांत चार माणसे होती. 

सहा महिने पुरे व्हायला जेमतेम चार आठवडे उरले असताना, एका शनिवारी ती दुपारी घरी आली ती शॉर्टहँडची वही घेऊन. वही ती कधी घरी आणत नसे. झाले होते असे: एका गिरणीतले म्हातारे इंजिनिअर वारले होते. ते दर गुरुवारी साहेबांकडे येऊन बसायचे, कामाचे थोडे आणि इकडचे तिकडचे पुष्कळ बोलायचे. साहेबांनी शनिवारी ऑफिस सुटायच्या वेळी आक्काला बोलावले, दार लावून घेतले आणि त्या इंजिनिअरांच्या मुलाला पत्र सांगितले. घाई नाही, सोमवारी दे, म्हणाले. सांगताना ते खिडकीकडे बघत होते.

आक्काने ते आम्हांला वाचून दाखवले. 'युअर फादर वॉज लाफिंग फर्स्ट अँड टेलिंग द जोक आफ्टरवर्ड्स.' तुमचे वडील आधी हसत आणि विनोद मागून सांगत. पुढे होते, 'एव्हरी थर्सडे हिज चेअर इज स्टिल हॅविंग हिम. आय अ‍ॅम नॉट गिव्हिंग दॅट चेअर टू एनीबडी.' दर गुरुवारी त्यांच्या खुर्चीत अजून तेच असतात. ती खुर्ची मी कोणाला देत नाही. अशी सातआठ वाक्ये होती.

आता मी ही वाक्ये लिहिताना थांबते. त्या दुपारी मी थांबले नाही. मी म्हटले, हे असे पाठवायचे? खुर्चीला माणूस कसा असेल? क्रियापदाचे काय चालले आहे? आणि नवल म्हणजे अण्णाही खुर्चीवरून उठले. साहेबाच्या शब्दाला हात लावू नये म्हणणारे अण्णा! पण सांत्वनाच्या पत्राला एक रीत असते असे त्यांचे म्हणणे पडले. कचेरीत असताना वरिष्ठांच्या सहीने जाणारी अशी पत्रे त्यांनीच लिहिली होती आणि त्यातली वाक्ये त्यांना पाठ होती. त्यांनी सांगावे, मी मांडावे, त्यांनी एक शब्द बदलावा, मी दुसरा. चारच्या चहापर्यंत पत्र तयार झाले. त्यात 'सॅड डिमाइज' होते, 'इररेपरेबल लॉस' होते, ईश्वर होता, आणि शोकाकुल कुटुंबाला बळ देण्याची त्याला केलेली प्रार्थना होती. चूक शोधून सापडली नसती. अण्णांचे नि माझे इंग्रजीच्या बाबतीत पहिल्यांदाच एकमत झाले होते आणि दोघेही खुशीत होतो.

आक्काने ते दोनदा वाचले. मग म्हणाली, "चांगलं आहे. पण यातून ते गृहस्थ कुठे गेले?"

"ते गेलेच आहेत," मी म्हटले, "म्हणून तर पत्र."

ती हसली. तिला माझी अशी उत्तरे आवडत. तिने कागद घडी करून वहीत ठेवला आणि सोमवारी तो टाइप केला. तिला पटलेले नव्हते, हे मला तेव्हाही कळले होते. पण एका बाजूला अण्णांच्या कचेरीतली तीस वर्षे आणि दुसऱ्या बाजूला कॉलेज, यांच्यापुढे तिने आपला कान मागे घेतला.

गेल्या चार महिन्यांत मला जी पत्रे आली त्यांत 'कधीही भरून न येणारी हानी' पुष्कळांनी लिहिली आहे. मी त्यांना दोष देत नाही. माणसाला रीत लागते, आणि मी स्वतः ती वापरलेली आहे. एवढेच की अशी पत्रे मी एकदा वाचते आणि बाजूला ठेवते.

सोमवारी आक्का घरी आली ती चिठोरे न काढता गॅलरीत जाऊन बसली. अण्णांनी विचारले, आजचे काय? तिने सांगितले, आणि सावकाश सांगितले. साहेब नेहमीप्रमाणे उभ्याने सह्या करत होते. ते पत्र आले तेव्हा पेन थांबले. ते बसले. चष्मा लावला. पत्र वाचले, पुन्हा वाचले. मग हेडक्लार्कला विचारले की हे कोणाचे? हेडक्लार्कने आक्काला बोलावले. साहेबांनी कागद तिच्याकडे सरकवला आणि म्हणाले, "बेन, हा मी बोललो नाय."

मग त्यांनी वही आणायला सांगितली आणि वाच म्हणाले. आक्काने उभी राहून त्यांचे शब्द त्यांनाच वाचून दाखवले, विनोद, खुर्ची, सगळे. हेडक्लार्क खिडकीबाहेर बघू लागला. वाचून झाल्यावर साहेबांनी चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी विचारले, बाकीची पत्रेही अशीच का?

"मग? काय सांगितलंस?" अण्णा.

"हो म्हटलं. सगळीच."

"सगळीच कशाला म्हणालीस? काही काही म्हणायचं."

"अण्णा, पाच महिन्यांच्या वह्या ड्रॉवरमध्ये आहेत. मी नाही बोलले तर त्या बोलल्या असत्या."

साहेब रागावले असते तर बरे, असे तिला वाटत होते. ते रागावले नव्हते. ते पत्र बोललो तसे टाइप कर, एवढेच म्हणाले, सही केली, आणि बाकीच्या कागदांना त्या दिवशी हात लावला नाही. कायम करण्याचे आता काय, हे विचारायची कोणाला गरज नव्हती. आई आतून बाहेर आली आणि तिने आक्काच्या हातातला रिकामा कप काढून घेतला.

मी आक्काला म्हटले की मी येते तुझ्याबरोबर. साहेबांना सांगते की पत्र मी लिहिले होते, तुझा दोष नाही.

"काय सांगशील?" आक्का म्हणाली. "माझ्या आक्काच्या साहेबांचं दुःख मी सुधारून दिलं, असं?"

ती मोठ्याने बोलली नव्हती. पण त्या संध्याकाळनंतर तीन दिवस मी तिच्याशी नजर मिळवू शकले नाही, आणि अण्णांनी कोश फळीवर उलटा ठेवून दिला.

चौथ्या दिवशी साहेबांनी तिला पुन्हा बोलावले. यापुढे प्रत्येक पत्राच्या दोन प्रती करायच्या, म्हणाले. एक मी बोललो तशी, एक तुला बरोबर वाटेल तशी. रोज पाचला दोन्ही घेऊन यायचे. कोणती पाठवायची ते मी ठरवीन, आणि तू का बदललेस ते मला सांगायचे.

म्हणजे तोंड उघडायचे. ती ज्यापासून पाच महिने पळाली होती तेच आता रोजचे काम झाले. पहिल्या दिवशी, तिने सांगितले, तिने तोंड उघडायच्या आत साहेबांनीच तिच्यासाठी पाणी मागवले.

आमच्या गॅलरीतल्या बैठका पुन्हा सुरू झाल्या, पण आता त्यांची दिशा बदलली होती. पूर्वी आक्का साहेबांच्या चुका आणायची. आता साहेबांचे प्रश्न आणू लागली. 'डिस्कस' करायचे तर 'अबाउट' का नको? मी तर त्या गोष्टीबद्दलच बोलतो ना? 'अ‍ॅडव्हाइस' अनेक का नसतात, मला तर रोज दहा मिळतात. प्रश्न असे होते की अण्णा खुर्चीत सरळ होऊन बसत. मी तत्परतेने नियम लिहून देऊ लागले. आक्काने पहिले दोन दिवस ते नेले आणि तिसऱ्या दिवशी कागद परत माझ्या हातात दिला. म्हणाली, "हे पुस्तकाचं कारण आहे. त्यांच्यापुढे मला माझं कारण लागतं. साहेब विचारतात, तुला कसं कळलं? तेव्हा 'बहिणीने सांगितलं' म्हणू?"

मग ती स्वतःच कारणे शोधू लागली. गाडीत, स्वयंपाकघरात, पाणी भरताना. कधी तिचे कारण व्याकरणाच्या दृष्टीने अगदीच वेडेवाकडे असे. पण ते सांगता येण्याजोगे असे. 'फर्निचर'ला अनेकवचन का नाही, हे तिने साहेबांना सांगितले ते असे: आपण भाकऱ्या मोजतो, पीठ मोजत नाही, इंग्रजांनी फर्निचरला पीठ मानले आहे. साहेबांना पटले. मला आजतागायत यापेक्षा बरे समजावता आलेले नाही, आणि मी पुढे हा विषय कितीतरी वर्षे शिकवला.

बहुतेक पत्रांत साहेब तिची प्रत निवडत. पण सगळ्यांत नाही. एका कारखान्याने माल पाठवायला उशीर केला होता. आक्काच्या प्रतीत होते की आपण कृपा करून या बाबीकडे लक्ष द्याल तर आम्ही आभारी होऊ. साहेबांची प्रत एवढीच होती: 'यू सेड ट्यूसडे. टुडे इज फ्रायडे.' साहेबांनी दोन्ही बाजूबाजूला ठेवल्या आणि तिलाच विचारले, कोणती? तिने त्यांची उचलून दिली. त्या रात्रीच्या जेवणापर्यंत अण्णा ती दोन वाक्ये पुन्हा पुन्हा म्हणत होते. इतकी वर्षे इतके कागद लिहिले, म्हणाले, पण उशीर झाल्याचे असे दोन वारांत कधी सांगता आले नाही.

असे तीन आठवडे गेले. कायम करण्याबद्दल साहेबांनी अवाक्षर काढले नव्हते. हेडक्लार्कने एकदा आक्काला बाजूला घेऊन सांगितले की पूर्वीच्या स्टेनोला साहेबांनी याहून लहान गोष्टीसाठी काढले होते. ते त्याने काळजीपोटी सांगितले की मजेखातर, यावर आमच्याकडे एक संध्याकाळ गेली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी आक्का सकाळी निघताना आईने तिच्या हातावर दही ठेवले. आई एरवी परीक्षांनासुद्धा दही देत नसे.

ती संध्याकाळी साडेसहाला आली नाही. सातला आली नाही. साडेसातला आली, चपला काढल्या, आणि पर्समधून एक पाकीट काढून अण्णांच्या मांडीवर ठेवले.

दुपारी साहेबांनी तिला पत्र घ्यायला बोलावले होते. 'डिअर मॅडम' अशी सुरुवात सांगितली. आक्काला वाटले, कोणा गिऱ्हाईक बाईंना असेल. तिची पेन्सिल चालू लागली. शॉर्टहँडमध्ये हात पुढे आणि डोके मागे असते. तिसऱ्या वाक्यापाशी तिला कळले की पत्र तिलाच आहे, पण तोपर्यंत चौथे वाक्य सुरू झाले होते आणि ती घेत राहिली. ऑफिसात दुसरा स्टेनो नव्हता. तिच्या नोकरीचे पत्र तिनेच टाइप करायचे होते. तिने विचारले, दोन प्रती करू का? साहेब म्हणाले, "एकच कर. कोणाची, ते तू ठरव." ती टाइपरायटरसमोर तासभर बसून राहिली होती, म्हणून उशीर झाला.

अण्णांनी भिंगातून पत्र वाचले आणि माझ्याकडे दिले. पत्र चार ओळींचे होते. साहेब बोलले होते तसे, अक्षर न अक्षर. 'सिन्स सिक्स मंथ्स यू आर रायटिंग माय लेटर्स. सिन्स थ्री वीक्स आय अ‍ॅम रीडिंग देम.' पहिल्या दोन ओळींतच माझ्या हिशेबाने चार चुका होत्या. हे पत्र जन्मभर जपायचे, कधी कुठे दाखवायचे. मी तोंड उघडले आणि मिटले. आक्का माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होते मी काय म्हणणार ते, आणि मी म्हटले नाही हेही तिने बघितले.

आई दारात उभी होती. पत्रात काय आहे ते तिला कोणी सांगितलेच नव्हते. आक्काने पत्र माझ्या हातून घेतले आणि तिला मालवणीत वाचून दाखवले. मी ऐकत होते; कुठे अडखळेल, कुठे वाक्य फिरवावे लागेल, याची वाट बघत होते. ते कुठेच अडले नाही. "सहा म्हयने तू माजी पत्रां लिवतंस. तीन आठवडे मी ती वाचतंय. फाल्यापासून तू कायम. वाद घालूचां सोडू नको."

"बरां बोलता तुजो सायब," आई म्हणाली, आणि पाने घ्यायला आत गेली.